दिवा दिसला होता

तिरोड्याच्या एका ठेकेदाराकडे पाण्याचा टँकर होता. टँकर तसा साधाच. मागे भोकं पाडलेली आडवी नळी, बाजूला पंप, आणि पाठीवर ‘पाणी पिण्यायोग्य नाही’ असं रंगवलेलं. त्यातला ‘नाही’ कधीच पुसला गेला होता, पण त्याची फिकीर कुणाला नव्हती. रस्त्याच्या साइडपट्टीवर मुरूम पडला की रोलर फिरण्याआधी तो भिजवायचा, धूळ उडाली की पाणी शिंपडायचं आणि लग्नसराईत मंडपाला पाणी पोचवायचं, एवढंच त्याचं काम.

बरीच वर्षं हा टँकर मामाजींनी चालवला. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला तेव्हा त्यांनी स्टिअरिंग भाच्याच्या हाती दिलं आणि स्वतः पंपावर बसले. भाचा पंचविशीचा. हात साफ, दारूचं नाव नाही, गाडी मागे घेताना मान वळवून बघणारा. खोड एकच, गाडी सजवायची. आरशाला काळी वेणी, बंपरला घोड्याची नाल, केबिनमध्ये लुकलुकणारी माळ. दिवाळी झाल्यावर ठेकेदाराने टँकरच्या टपावर फिरता पिवळा दिवा बसवून दिला. नव्या कामाच्या कागदात तशी अट होती म्हणून. भाच्याला ती अट म्हणजे बोनस वाटला.

दिवा जुन्या धाटणीचा होता. अशा दिव्यात बल्ब जागचा हलत नाही. एक छोटी मोटर त्याच्याभोवती आरसा फिरवते, आणि बाहेरून बघणाऱ्याला दिवाच फिरतोय असं वाटतं. भाच्याला तर सगळं तिरोडा आपल्याभोवती फिरतंय असं वाटू लागलं.

इथे थोडं आडवळणाने जाणं भाग आहे, कारण दोष त्या एकट्या पोराचा नाही. गाडीच्या टपावर दिवा म्हणजे मान, हे आपल्याकडे पिढ्यांनी पाहिलेलं. मंत्र्याला लाल, त्याच्या खालच्या पायरीवरच्या मानकऱ्यांना अंबर. तालुक्याच्या गावात अंबर दिव्याची गाडी थांबली तरी हॉटेलवाला खांद्यावरच्या फडक्याने खुर्ची पुसायचा. डिसेंबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लाल दिवा मोजक्या घटनात्मक पदांपुरता राखायला सांगितलं. पुढे 19 एप्रिल 2017 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि 1 मेपासून पंतप्रधानांपासून खालपर्यंत सगळ्यांचे मानाचे दिवे उतरले. तो महाराष्ट्र दिन, आणि 1999 साली भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या इथल्या गोंदिया जिल्ह्याचाही वाढदिवस. रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलीस यांचे दिवे राहिले, कारण ते कामाचे. मानाचे दिवे उतरले, हौस मात्र टपावरच बसून राहिली. ती कुणी स्क्रू काढून उतरवू शकत नाही.

तर भाचा. तो डिझेल भरायला जाताना दिवा लावून जायचा. चहाला थांबला तरी दिवा फिरतच. आठवडी बाजाराच्या गर्दीतून टँकर काढायचा तर दिवा हवाच, कारण सायकलवाले बाजूला होतात. रिकामा टँकर घेऊन चाळीसच्या वेगाने घरी निघाला तरी दिवा चालूच. तुळशीचं लग्न लागल्यावर एका वरातीचं पाणी होतं. तिथे त्याने डीजेच्या गाडीपुढे टँकर लावला आणि दिवा सोडला. नवरदेवाच्या मित्रांनी दिव्याच्या तालावर नाच केला, व्हिडिओ काढले. त्यानंतर लहान पोरं त्याला ‘दिवावाला’ म्हणू लागली. दिवावाल्याला ते आवडलं.

मामाजी एकदा म्हणाले, “कायले दिवसभर लावून ठेवतंस बाबू? कामावर लावत जा.”

“प्लांटमध्ये नाही का जी सगळ्या गाड्या दिवसभर लावते? तुम्हीच त तिथं होते.”

हे खरं होतं. तिरोड्याचा औष्णिक वीज प्रकल्प उभा राहत होता त्या वर्षांत मामाजींनी तिथे टँकर चालवला होता. आज तिथे 660 मेगावॉटचे पाच संच आहेत, एकूण 3300 मेगावॉट. तेव्हा तिथे सगळीकडे खोदलेली माती आणि डंपर होते. डंपरचा ड्रायव्हर उंच बसतो, नाकाखालची जीप त्याला दिसत नाही. म्हणून आवारातल्या प्रत्येक गाडीच्या टपावर दिवा आणि तो सदा चालू, हा तिथला कायदा. मोटार वाहन नियमांतही विमानतळ, बंदर, खाण, प्रकल्प अशा बंद आवारात फिरणाऱ्या आणि रस्त्यावर न येणाऱ्या गाड्यांसाठी दिवसाही दिसेल अशा पिवळ्या दिव्याची वेगळी सोय केलेली आहे. मामाजींना नियम माहीत नव्हता, आवार माहीत होतं. पण आवारातलं शहाणपण रस्त्यावर का चालत नाही, हे त्यांना शब्दांत सांगता येईना. “तिथली गोष्ट येगळी,” एवढं बोलून ते पंपाचा वॉशर बदलायला लागले.

भाच्याने त्याचा अर्थ, मामाजी हरले, असा घेतला.

डिसेंबर लागला. धानाची कापणी संपत आलेली, बांध्यांमध्ये ताडपत्र्या घातलेले पुंजणे उभे, काही बांध्यांत धसकटांमधून लाखोळी वर येत होती. सकाळी वैनगंगेकडून धुकं यायचं आणि नऊ-साडेनऊपर्यंत रस्त्यावर पडून राहायचं. तिरोडा–गोंदिया रस्त्यावर काचेवानीच्या अलीकडे साइडपट्टीचं काम निघालं होतं. टँकर अर्धा मुरुमावर, अर्धा डांबरावर उभा. पंप चालू. दोन बाया पाइप धरून पट्टी भिजवत होत्या. मागे तीसेक पावलांवर मामाजी लाल फडकं घेऊन उभे. टपावर दिवा फिरत होता. त्या दिवशी तो फिरायलाच हवा होता.

राखेचा एक रिकामा बल्कर तिरोड्याकडून आला. वीजकेंद्राची राख सिमेंटवाल्यांना लागते. ती भरायला हे बल्कर रोज ये-जा करतात आणि त्यांच्या ड्रायव्हरांना रस्त्यातला खड्डा न् खड्डा पाठ असतो. या गड्यालाही होता. साठच्या आसपास वेग. धुक्यात त्याला फडकं दिसलं नाही, मामाजी दिसले नाहीत, दिवा दिसला. तो तसाच पुढे येत राहिला. मामाजींनी बांधीत उडी घेतली. ड्रायव्हरला पाइप आणि बाया दिसल्या तेव्हा मधे अंतर असं उरलंच नव्हतं. डावीकडे बाया, समोर टँकर. त्याने स्टिअरिंग उजवीकडे तोडलं, समोरून कुणी आलं नाही हे नशीब, आणि बल्कर पलीकडच्या बांधीत उतरून एका पुंजण्यात घुसला. पुंजण्याने त्याला थांबवलं. धानाच्या पेंढ्या रस्त्यापर्यंत उडाल्या.

बाया पाइप टाकून पळाल्या होत्या. मामाजींचा हात मुरगळला. बाकी कुणाला खरचटलंही नाही.

भाचा शिव्या देतच धावला. “डोळे फुटले का बे? एवढा दिवा फिरून रायला, दिसला नाही तुले?”

ड्रायव्हर केबिनमधून उतरला. पाय लटपटत होते, म्हणून चाकाला टेकून उभा राहिला. “दिसला ना भाऊ. लय दुरून दिसला. म्हणूनच त ब्रेक नाही मारला.”

“म्हणजे?”

“तुहा टँकर रोज माह्यापुढं दिवा लावून चालते. मी म्हटलं, चालला असन. जवळ गेलो की ओव्हरटेक मारू.”

यावर भाच्याकडे एकही शिवी शिल्लक नव्हती.

त्या ड्रायव्हरची बाजू अंकांत मांडून बघण्यासारखी आहे. धुक्यात शंभर मीटरवरून दिवा दिसला असं धरा. साठच्या वेगाने गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर कापते. पुढचा टँकर चाळीसच्या वेगाने चालला असता, तर दोघांच्या वेगातला फरक फक्त वीस. त्याला गाठायला 18 सेकंद लागले असते; तेवढ्यात माणूस बिडी पेटवून पुन्हा खिशात काडेपेटी ठेवतो. टँकर उभा असेल तर मात्र हातात 6 सेकंद. त्यातले दोन ‘अरे, हा तर हलत नाही’ हे कळण्यातच जातात, मग जड गाडीचा ब्रेक लागायला वेळ. दिवा दोन्ही वेळी तोच, तसाच पिवळा, तसाच फिरणारा. अंधारात किंवा धुक्यात डोळा चमक झटकन पकडतो, पण ती चमक किती लांब आहे आणि आपल्याकडे किती वेगाने येते आहे याचा अंदाज त्याला नीट येत नाही. तो अंदाज माणूस सवयीने भरून काढतो. आणि सवय भाच्याने लावलेली होती.

‘लांडगा आला रे’ची गोष्ट कुणाला आठवेल, पण ती इथे पुरी बसत नाही. त्या गोष्टीतला पोरगा खोटं बोलत होता आणि गावकरी चिडले होते. इथे कुणी कुणावर चिडलेलं नव्हतं. उलट दिवावाला सगळ्यांचा लाडका होता. बल्करवाल्याला दिव्यावर पूर्ण भरवसा होता. दिवा म्हणजे चालता टँकर, हे त्याला अनुभवाने पटलेलं होतं. इशाऱ्यावरचा विश्वास उडाला तर माणूस निदान सावध राहतो. इशाऱ्याचा अर्थच बदलून गेला तर तो निर्धास्त चुकतो, आणि हे मला जास्त भयंकर वाटतं.

पुढचं तिरोड्याच्या रीतीने झालं. पुंजणा ज्याचा होता तो शेतकरी आला, बसला, चहा प्यायला आणि पेंढ्या मोजायला लागला. आधारभूत केंद्रावर धान न्यायचा त्याचा नंबर लागायचा होता. ठेकेदार आणि बल्करचा मालक यांनी अर्धे-अर्धे भरले. ठेकेदाराने भाच्याच्या पगारातून काही कापलं नाही, पण बोलला भरपूर.

त्या रात्री भाच्याने पक्कड घेतली, टपावर चढला आणि दिव्याची वायर तोडून टाकली. मामाजी अंगणातून बघत होते. हाताला हळदीचा लेप होता. त्यांनी काही विचारलं नाही, त्यानेही काही सांगितलं नाही.

आता कुणी म्हणेल, पोरगा सुधारला. तिथेच तर गंमत आहे. जानेवारीत, संक्रांतीनंतरची एक संध्याकाळ. साइडपट्टीचं काम पुढे सरकलं होतं. धूळ बसवायला टँकर माणसाच्या चालीने चालला होता, मागे पाण्याचा पंखा पसरत. सूर्य मावळलेला, अंधार पुरता पडलेला नव्हता. त्या वेळी रस्त्याचा आणि धुळकट टँकरचा रंग एक होतो. मागून गोंदियाहून तिरोडा आगाराची एसटी आली. ड्रायव्हरने ब्रेक असा लावला की एका म्हातारीच्या पायलीतली लाखोळी आख्ख्या गाडीत सांडली. एसटी टँकरच्या नळीपासून हातभर अंतरावर थांबली.

एसटीचा ड्रायव्हर खाली उतरला. मोठा शांत माणूस. त्याने टपावरचा मेलेला दिवा बघितला, लोंबणारी वायर बघितली.

“तूच का रे तो दिवावाला?”

“हो जी.”

“बाजारात लावतंस, वरातीत लावतंस. आज कामाच्या टायमाले कोणाच्या लग्नात देऊन आलास?”

खिडक्यांमधून लोक हसले. म्हातारी हसली नाही. ती दाणे वेचत होती.

चुकलेल्या माणसाची ही नेहमीची तऱ्हा. भाजी खारट झाली म्हणून दुसऱ्या दिवशी मीठच टाकायचं नाही. दिवा सदा लावला तेव्हा भाचा एकट्या स्वतःचा विचार करत होता, तोडला तेव्हाही. दोन्ही वेळा मागून येणारा माणूस त्याच्या हिशेबात नव्हता.

मामाजींना मात्र त्या दिवशी उमगलं की सांगून हे जमणार नाही, आणि आपल्याला सांगताही येत नाही. त्यांनी वायर जोडून घेतली. रोलरच्या ड्रायव्हरला, म्हणजे त्यांच्या जुन्या सोबत्याला, टँकरवर बसवलं. भाच्याला म्हणाले, “मोटरसायकल काढ. मी मागं बसतो.” बोदलकसा तलावाच्या बाजूला संध्याकाळी रहदारी तुरळक असते. तिथे गेले. मामाजींनी खेळ समजावला: सोबती टँकर चालवेल, कधी हळू करेल, कधी थांबवेल. भाच्याने मागून दुरूनच यायचं, आणि टँकर उभा राहिला असं कळल्याबरोबर ‘उभा’ म्हणून ओरडायचं.

पहिल्या फेरीला दिवा सुरुवातीपासून चालू. टँकर पुढे, दिवा फिरतोय, मोटरसायकल मागे. भाचा ‘उभा’ म्हणाला तेव्हा टँकर थांबून बराच वेळ झाला होता. पुन्हा केलं, पुन्हा तेच. एकदा तर तो ‘उभा’ म्हणाला आणि टँकर चालत होता. अंधार वाढला तसा त्याचा अंदाज आणखी बिघडला. शेवटी चिडून तो म्हणाला, “मागचे लाल दिवे मोठे पायजे जी याले. या फिरत्या दिव्यापुढं ब्रेकलाइट दिसतच नाही.”

“बरोबर,” मामाजी म्हणाले. “आता उजवीकडं वळाले सांगतो त्याले.”

टँकर वळायला लागला तेव्हाच भाच्याला कळलं. इंडिकेटर चालू होता, पण टपावरच्या झगझगाटात ती इवलीशी पिवळी उघडझाप हरवून गेली होती. त्याच्या आयुष्यात त्याने हे कधी बघितलंच नव्हतं, कारण स्वतःच्या गाडीच्या मागे कुणी चालत नाही.

दुसऱ्या फेरीला दिवा बंद. टँकर चाळीसने चालला, भाचा मागे. मामाजी मागच्या सीटवर तंबाखू मळत गप्प. मग पुढे टँकरचा वेग कमी होण्याआधी, थांबण्याच्या बराच आधी, सोबत्याने दिवा लावला. भाच्याच्या हाताने आपोआप क्लच दाबला, पाय ब्रेकवर गेला.

“कायले दाबला?” मामाजींनी विचारलं.

“दिवा लागला ना.”

“मघाशी त लागलेलाच होता. तवा नाही दाबला तो.”

भाचा काही बोलला नाही. मोटरसायकल थांबली होती. पुढे टँकर रस्त्याला अर्धा अडवून उभा होता, दिवा फिरत होता, आणि हे सगळं त्याला नीट दिसत होतं.

मामाजींना जे आवाराबद्दल सांगता आलं नव्हतं ते आता जमलं. आवारात सगळ्यांनाच ठाऊक असतं की इथे प्रत्येक गाडी धोक्याची. तिथे दिवा फक्त ‘मी इथे आहे’ एवढं सांगतो आणि तेवढं पुरतं. रस्त्यावर मागचा माणूस वेगात असतो, आपल्यासोबत वाहत असतो. त्याला आपण कुठे आहोत हे नको असतं, आपलं काय बदललं ते हवं असतं. मामाजींनी मात्र हे एवढं लांबवलं नाही. ते म्हणाले, “गाडी रस्त्याले नडते तवा लावायचा. नडाच्या आधी लावायचा. नडणं संपलं का बंद.”

ब्रिटनच्या वाहतूक संहितेने हेच वेगाच्या भाषेत मांडलं आहे. ताशी 25 मैल, म्हणजे 40 किलोमीटर, यापेक्षा जास्त पळू न शकणाऱ्या गाड्यांनी दुभाजकाच्या वेगवान रस्त्यावर पिवळा फिरता दिवा लावलाच पाहिजे, असं ती सांगते. गाडी कुणाची, तिचं काम किती महत्त्वाचं, याची चौकशी तिथे नाही. आजूबाजूच्यांच्या वेगाशी तिचा मेळ बसतो की नाही, एवढंच बघायचं. मामाजींनी ही संहिता वाचली असण्याची शक्यता शून्य. पण रस्त्यावर आयुष्य गेलेली माणसं फिरून त्याच ठिकाणी येतात.

पुढच्या काही आठवड्यांत भाच्याच्या अंगात हे मुरत गेलं आणि त्यातून बारीकसारीक कळत गेलं. टँकर रस्त्यावरून पूर्ण उतरवून झाडाखाली लावला की दिवा बंद. तिथे तो कुणाला नडत नाही. दाट धुक्यात दिव्याचा उजेड परत येऊन आपल्याच डोळ्यावर आदळतो, तेव्हा काच पुसून ठेवायची आणि वेग आणखी कमी. रात्री कामावर तीन-तीन गाड्या दिवे फिरवत उभ्या राहिल्या तर त्यांच्या मधे चालणारा मजूर कुणालाच दिसत नाही; तिथे मागच्या एका गाडीचा दिवा पुरे, आणि मजुरांच्या अंगात चकाकत्या पट्ट्यांचं जॅकेट. वळताना हात बाहेर काढायचा. इंजिन बंद करून दिवा तासभर फिरवला तर बॅटरी उतरते, हे त्याला धक्का मारून कळलं. आणि दिवा लावला म्हणून आपल्याला रस्ता मिळाला असं होत नाही, सायकलवाला आधी आला तर सायकलवाला आधी जाईल. बाजाराच्या गर्दीत हे त्याला सगळ्यात जड गेलं.

त्याची नजरही बदलली. गावातल्या एकाने ट्रॅक्टरच्या टपावर हौसेने असाच दिवा बसवला होता. तो तणीस भरून निघाला, ट्रॉलीवर तणसाचा डोंगर, आणि दिवा त्या डोंगराच्या पुढे. समोरून येणाऱ्याला झगमगाट, मागून येणाऱ्याला निव्वळ काळोख. भाच्याने त्याला थांबवून मागे नेऊन दाखवलं. तो म्हणाला, “आबे, मले त दिसते ना.” भाचा हसला नाही, कारण हे वाक्य त्याच्या ओळखीचं होतं.

आणि दगड. आपल्याकडे रस्त्यात ट्रक बंद पडला की क्लीनर आधी झाडाच्या फांद्या तोडतो, मग शेताच्या धुऱ्यावरचे दगड आणून मागे ओळीने मांडतो. चांगली सोय आहे, बिनपैशाची आणि विचारपूर्वक केलेली. पण ट्रक दुरुस्त होऊन निघून जातो आणि दगड तिथेच राहतात. रात्री कुणी मोटरसायकलवाला त्या दगडांना अडखळून पडतो. ज्या धोक्याची ती खूण होती तो धोका तर चहा पिऊन नागपूरला पोचलेला असतो. इशारा मांडणाऱ्याचं काम तो उचलेपर्यंत संपत नाही, हे आपल्या रस्त्यांवर कुणी फारसं मानत नाही. भाचा मानायला लागला. असे दगड दिसले की तो टँकर कडेला घ्यायचा, दिवा लावायचा, उतरून दगड धुऱ्यावर फेकायचा, दिवा बंद करायचा आणि निघायचा. मामाजी पंपावर बसून “झालं का जी, समाजसेवा?” असं विचारायचे.

एप्रिलमध्ये मुंडीकोट्याकडच्या एका लग्नाचं पाणी आलं. नवरदेवाचे काका स्वतः ठरवायला आले. मिशा पिळलेल्या, खिशात नोटांची गड्डी.

“टँकर तुहाच पायजे. दिव्यावाला. वरातीच्या पुढं लावून दे. त्याचे येगळे देतो.”

“पाणी देतो काकाजी. वरातीपुढं दिवा नाही लावत मी आता.”

काकाजींना वाटलं, पोरगा भाव वाढवतोय. त्यांनी वाढवला. भाचा नाही म्हणाला. मग त्याने विचारलं, “वरात कुठून जाईन?”

“मोठ्या रस्त्यानं. दुसरी वाट कुठं हाये?”

“किती वाजता?”

“निघाले नऊ त होतेच.”

भाचा गप्प झाला. रात्रीचे नऊ, मोठा रस्ता, माणसाच्या चालीपेक्षा हळू सरकणारी, नाचणारी शे-दोनशे माणसं, डीजेच्या आवाजात मागचा हॉर्न कुणाला ऐकू येणार नाही. उजेड सगळा पुढे, नवरदेवाच्या तोंडावर. मागे चपला हातात घेतलेल्या बाया आणि पेंगलेली पोरं. रस्त्याला यापेक्षा जास्त नडणारी गोष्ट त्याच्या डोळ्यापुढे येईना. त्याने मामाजींकडे पाहिलं. मामाजी मुद्दाम दुसरीकडे बघत होते.

“लावतो,” भाचा म्हणाला. “पण टँकर पुढं नाही. सगळ्यांच्या मागं चालवीन. शेवटच्या माणसाच्याही मागं. आणि मंडपात वळलो का बंद.”

“मागं?” काकाजींच्या मिशा खाली आल्या. “मागं लावला त व्हिडिओत कसा येईन?”

“व्हिडिओत नाही येणार जी. ट्रकवाल्याले दिसन.”

काकाजींनी बराच विचार केला. मग व्हिडिओत न येणाऱ्या दिव्याचे म्हणून ठरलेल्या पैशांतून पाचशे कमी केले. भाच्याने ते मान्य केलं, बयाणा खिशात घातला आणि वरातीत म्हातारी माणसं किती असतील ते विचारायला लागला.